दृष्टिबाधित मुले आणि किशोरवयीनांचे खेळ व व्यायाम : हक्क, योजना आणि प्रत्यक्ष सुरुवात

सरकारी कागदपत्रांत 'शारीरिक सक्रियता' असा शब्द असतो. मराठी घरांत तसे कोणी बोलत नाही. आपण मुलाला 'जा, जरा खेळून ये' म्हणतो. दृष्टिबाधित मुलाच्या वाट्याला हे वाक्य फार क्वचित येते. त्याऐवजी 'बस इथेच', 'पडशील', 'दादा आला की जा' ही वाक्ये त्याला रोज ऐकू येतात. या पानावर ५ ते १८ वयोगटातील अंध आणि अल्पदृष्टी असलेल्या मुलामुलींच्या खेळाविषयी माहिती दिली आहे. कायद्याने त्यांना काय मिळते, कोणत्या योजना उपयोगी पडतात, शाळेत व घरी सुरुवात कशी करावी आणि शाळा ऐकत नसेल तर कुठे जावे, हे पुढे वाचता येईल. माहिती प्रामुख्याने बंगळुरूमधील मराठी भाषक कुटुंबांसाठी आहे. तथापि केंद्रीय कायदा व योजना सर्व राज्यांना लागू आहेत.

मूल कमी का हलते?

यामागे आळस नसतो. डोळस बाळ रांगायला लागते, कारण पलीकडे पडलेला खुळखुळा त्याला दिसतो आणि हवासा वाटतो. जन्मतः अंध असलेल्या बाळाला पलीकडे काही आहे हेच ठाऊक नसते. आवाज आला की तिथे वस्तू असते, हे समजायला त्याला जास्त काळ लागतो. त्यामुळे रांगणे व चालणे उशिरा येऊ शकते. धावणे, उडी मारणे, चेंडू फेकणे या गोष्टी बाकीची मुले एकमेकांचे पाहून शिकतात. अंध मुलाला हे 'पाहून शिकणे' मिळत नाही, म्हणून प्रत्येक क्रिया त्याला कोणीतरी मुद्दाम शिकवावी लागते. तशी शिकवली नाही तर मूल दहा वर्षांचे झाले तरी त्याने कधी पळून पाहिलेले नसते.

त्यात घरच्यांच्या भीतीची भर पडते. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. बंगळुरूच्या फुटपाथवर उघडी गटारे, उभ्या केलेल्या दुचाकी आणि मध्येच संपणाऱ्या फरश्या असतात. तिथे डोळस माणूसही खाली बघून चालतो. पण बाहेर धोका आहे म्हणून मूल आतही बसून राहिले, तर तोल, ताकद आणि दम या तिन्ही गोष्टी मागे पडतात. मग ते खरोखरच जास्त वेळा पडते आणि घरच्यांची भीती आणखी पक्की होते. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत तर वयात आल्यावर उरलेसुरले खेळणेही बंद होते.

किती व्यायाम हवा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांग मुलांचा प्रथमच स्वतंत्र विचार केला आहे. ५ ते १७ वयोगटातील दिव्यांग मुलांसाठीही प्रमाण तेच आहे : दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम, आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या क्रिया. एवढे जमत नसेल तर थोड्यापासून सुरुवात करून हळूहळू वाढवावे. दृष्टी नाही म्हणून हे प्रमाण कमी केलेले नाही, हे शाळेशी बोलताना आवर्जून सांगावे.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. खेळाबाबत त्यातील दोन कलमे महत्त्वाची आहेत.

कलम १६ समावेशक शिक्षणाविषयी आहे. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच खेळ व मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात, यासाठी शासनाने प्रयत्नशील राहावे असे हे कलम सांगते. 'मान्यता असलेल्या' या शब्दामुळे खाजगी शाळाही यात येतात. कलम ३० पूर्णपणे क्रीडाविषयक आहे. क्रीडा सुविधांची रचना बदलणे, खेळांत स्पर्श व आवाजावर आधारित सोयी करणे, प्रशिक्षणासाठी निधी राखून ठेवणे आणि दिव्यांगांच्या स्पर्धा भरवणे या जबाबदाऱ्या त्यात शासनावर व क्रीडा यंत्रणांवर टाकल्या आहेत.

याशिवाय कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

'सूट' घेण्याआधी

पी.टी.च्या तासाला दृष्टिबाधित मुलाला सूट देण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. शिक्षक ती चांगुलपणाने देतात, पालकही आभार मानून घेतात. मूल मग वर्गात एकटे बसते किंवा मैदानाच्या कडेला सगळ्यांची दप्तरे सांभाळते. कायद्यात 'बरोबरीने संधी' असे म्हटले आहे. सूट म्हणजे संधी नव्हे. वैद्यकीय कारण नसेल तर पालकांनी अशी सूट लेखी मागू नये. शाळेने देऊ केली तर त्याऐवजी तासाला कोणता बदल करता येईल, असे विचारावे.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या शाळेत मूल शिकत असेल तर आणखी एक मुद्दा हाताशी आहे. मंडळाच्या अकरावी-बारावीच्या शारीरिक शिक्षण विषयात विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी खेळांची वेगळी यादी असून त्यात अंध क्रिकेट आणि गोलबॉल यांची नावे आहेत. म्हणजे हा विषय घेण्यास दृष्टी आड येत नाही.

फिट इंडिया उपक्रमातील शालेय चाचण्यांबाबत मात्र सावध राहावे. लहान गटातील प्लेट टॅपिंग, म्हणजे दोन चकत्यांना आलटून पालटून वेगाने हात लावणे, ही चाचणी डोळा व हात यांच्या मेळावर बेतलेली आहे. मोठ्या गटातील ५० मीटर आणि ६०० मीटर धावणे सोबती धावकाशिवाय घेतले तर गुणांतून मुलाचा दम कळत नाही, त्याची भीती कळते. पोटाचे व्यायाम, जोर, बसून पुढे वाकणे या चाचण्या जशाच्या तशा घेता येतात.

बंगळुरू आणि अंध क्रिकेट

भारतातील अंध क्रिकेटचे कामकाज बंगळुरूतून चालते, हे इथे राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांना माहीत नसते. १९९७ साली स्थापन झालेली समर्थनम ही दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था आणि भारतीय अंध क्रिकेट संघटना या दोन्हींचे मुख्य ठिकाण हेच शहर आहे. अंधांच्या टी-२० विश्वचषकाची पहिली स्पर्धा २०१२ मध्ये बंगळुरूत झाली आणि भारताने अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवले. २०१७ व २०२२ चे अंतिम सामने चिन्नास्वामी स्टेडियमवर झाले. तेही भारतानेच जिंकले. २०१२ च्या संघाचे कर्णधार शेखर नाईक कर्नाटकचेच. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मुलींसाठी अधिक जवळची गोष्ट अलीकडची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्मिंगहॅम येथील जागतिक अंध क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाने ऑस्ट्रेलियाला हरवून सुवर्णपदक मिळवले. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी कोलंबो येथे नेपाळला ७ गडी राखून हरवत या संघाने अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक जिंकला. कर्णधार दीपिका टी. सी. कर्नाटकच्या आणि उपकर्णधार गंगा कदम महाराष्ट्राच्या. मुलगी घरी बसून असेल तर ही दोन नावे तिला जरूर सांगावीत.

हा खेळ चालतो कसा? चेंडू कडक प्लास्टिकचा असतो आणि आत छर्रे असल्याने तो खुळखुळतो. गोलंदाज हात खालून फिरवून चेंडू सरपटत टाकतो. खेळपट्टीच्या मध्याआधी त्याचा टप्पा पडावा लागतो. टाकण्यापूर्वी गोलंदाज 'रेडी?' असे विचारतो, फलंदाजाने 'येस' म्हटल्यावर 'प्ले' म्हणून चेंडू सोडतो. यष्ट्या धातूच्या असतात, म्हणजे चेंडू लागल्याचे ऐकू येते. ११ जणांच्या संघात किमान ४ खेळाडू पूर्ण अंध गटातील असावे लागतात. पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात, त्याला पळण्यासाठी धावक मिळतो आणि त्याने एका टप्प्यानंतर घेतलेला झेलही ग्राह्य धरतात. या नियमांमुळे सर्वांत कमी दिसणारा खेळाडू संघाला हवाच असतो. त्याला कोणी दया म्हणून खेळायला घेत नाही. शालेय खेळांचे नियम बदलताना शिक्षकांनी एवढेच तत्त्व घ्यावे.

क्रिकेटशिवाय काय?

गोलबॉल हा खास अंधांसाठी तयार झालेला खेळ. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये तो सुरू झाला. १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद मैदानावर दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू असतात. सर्वांच्या डोळ्यांवर पट्टी असल्याने अल्पदृष्टी असलेल्या मुलाला आगाऊ फायदा मिळत नाही. सव्वा किलोच्या चेंडूत घंटा असतात आणि मैदानावरील रेषांखाली दोरी असल्याने त्या हातापायाला लागतात. प्रेक्षकांना मात्र गप्प बसावे लागते, आणि आपल्याकडे तेच सर्वांत अवघड. शाळेच्या सभागृहात पंखे बंद करून हा खेळ सहज घेता येतो. डोळस वर्गमित्रांनीही पट्टी बांधून खेळावे.

धावण्यासाठी सोबती धावक आणि एक आखूड दोरी पुरते. दोरीची दोन टोके दोघांच्या हातात असतात. सोबत्याने बरोबरीने पळायचे, ओढायचे नाही. स्पर्धेत खेळाडूने अंतिम रेषा सोबत्याच्या आधी ओलांडावी लागते. कर्नाटकच्या रक्षिता राजू यांनी याच पद्धतीने धावत २०१८ च्या जकार्ता आणि त्यानंतरच्या हांगझौ आशियाई पॅरा स्पर्धेत १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. सोबती नसेल तर दोन खांबांना कमरेच्या उंचीवर दोरी ताणून बांधावी आणि तीत एक कडी सोडावी. कडी धरून मूल एकटे, मोकळे पळू शकते. दोरी संपण्याआधी एक गाठ मारून ठेवावी, म्हणजे थांबायचे कुठे ते कळते.

पोहताना भिंत जवळ आली की काठावरचा माणूस लांब काठीच्या मऊ टोकाने पोहणाऱ्याला हलकेच स्पर्श करतो. नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको येथील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मेडलेचे सुवर्णपदक मिळवले. ज्युदोमध्ये तर पकड घेऊनच लढत सुरू होते. कपिल परमार यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये या खेळात कांस्य जिंकले आणि पॅरालिम्पिक ज्युदोतील ते भारताचे पहिले पदक ठरले.

आपल्या घरचे खेळही विसरू नयेत. फुगडीत हात धरलेलेच असतात. लेझीम स्वतःच वाजते आणि पाऊल ठेक्यावर पडते. लंगडीने हाडांना नेमका हवा तो भार मिळतो. मल्लखांब हा तर स्पर्शाचाच खेळ. २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेले मुंबईचे उदय देशपांडे यांनी तो दिव्यांग मुलांपर्यंतही नेला. यांपैकी कशालाही खास साहित्य आणावे लागत नाही.

शिकवताना

'असं कर' म्हणून उपयोग नाही. 'उजवा हात कानाजवळ ने, कोपर वर ठेव' असे सांगावे. शब्दांनी कळले नाही तर मुलाला शिक्षकाच्या हाताला किंवा खांद्याला हात लावून हालचाल समजून घेऊ द्यावी. मुलाचे हात धरून दाखवायचे असेल तर आधी विचारावे. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत महिला शिक्षक किंवा मैत्रीण असावी. पहिल्या दिवशी मैदानाची एक फेरी हात धरून मारावी : इथे झाड, इथे पायरी, इथे रेतीचा खड्डा. नंतर वस्तूंच्या जागा न सांगता बदलू नयेत.

आवाजाचा चेंडू मिळेपर्यंत साधा चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारावी. तो सरपटताना सळसळतो. अल्पदृष्टी असलेल्या मुलासाठी मैदानाच्या रंगाशी विरोधी रंगाचा, शक्यतो भडक पिवळा चेंडू घ्यावा आणि ऊन त्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा बाजूला त्याला उभे करावे.

डॉक्टरांना काय विचारावे?

सगळ्या मुलांना सगळे खेळ चालतात असे नाही. पडदा सुटण्याचा धोका किंवा मोठा मायनस नंबर असेल तर डोक्याला धक्का बसणारे खेळ व उंचावरून पाण्यात सूर मारणे टाळावे लागते. काचबिंदू असलेल्या मुलाने शीर्षासनासारखी डोके खाली असलेली आसने करू नयेत, कारण त्याने डोळ्यांतील दाब वाढतो. एकाच डोळ्याने दिसत असेल तर चेंडूच्या खेळात पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा वापरावा. नेत्रतज्ज्ञांना 'खेळू दे का?' असे विचारल्यास उत्तर बहुधा 'जपून' असे येते. 'कोणता खेळ चालणार नाही आणि का?' असे विचारून उत्तर लिहून घ्यावे. ती चिठ्ठी शाळेत द्यावी. उरलेले सर्व खेळ आपोआप खुले होतात.

उपयोगी योजना

सर्वप्रथम दिव्यांगत्व प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढावे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. फोटो, ओळखीचा व पत्त्याचा पुरावा जोडावा. त्यानंतर निवडलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. हे कार्ड देशभर चालते. सांगली किंवा बेळगावहून बंगळुरूला आलेल्या कुटुंबाने ते नव्याने काढण्याची गरज नाही, फक्त पत्ता बदलून घ्यावा. राज्य शासनाच्या स्वतंत्र योजनांसाठी मात्र त्या राज्याच्या रहिवासाची अट असू शकते.

समग्र शिक्षा अभियानात विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे, तसेच मुलींना दरमहा २०० रुपये याप्रमाणे १० महिने विद्यावेतन आहे. याच अभियानात सरकारी शाळांना क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिक स्तरावर ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० रुपये आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्यातून एखादा आवाजाचा चेंडू घ्यावा, असे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालक सुचवू शकतात. साहित्याची यादी ठरण्यापूर्वी सुचवले तर उपयोग होतो.

खेलो इंडिया योजनेत 'खेळांतून समावेशकता' हा एक स्वतंत्र घटक आहे. योजनेत निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाव्यतिरिक्त दरमहा १०,००० रुपये हातखर्च मिळतो. पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा डिसेंबर २०२३ मध्ये व दुसऱ्या मार्च २०२५ मध्ये दिल्लीत झाल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०२५ च्या स्पर्धेत ॲथलेटिक्स, तिरंदाजी, बॅडमिंटन, पॉवरलिफ्टिंग, नेमबाजी व टेबल टेनिस हे सहा खेळ होते. दृष्टिबाधित मुलांसाठी यांत प्रामुख्याने ॲथलेटिक्स हाच मार्ग उरतो. गोलबॉल, ज्युदो, पोहणे व अंध फुटबॉल त्या यादीत नव्हते. त्यामुळे पुढे खेलो इंडियात जाण्याची इच्छा असलेल्या मुलाने इतर खेळांबरोबर धावणे, लांब उडी किंवा गोळाफेक यांपैकी काही सुरू ठेवणे शहाणपणाचे.

ॲडिप योजनेतून पांढरी काठी, स्मार्ट केन यांसारखी साधने मिळतात. कुटुंबाचे दरमहा उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास ती मोफत असतात. ही योजना खेळाच्या साहित्यासाठी नाही. तरीही मैदानापर्यंत एकट्याने जाता येणे ही खेळाची पहिली पायरी असल्याने काठीचे प्रशिक्षण लवकर सुरू करावे.

प्रवासासाठी, पूर्ण अंध व्यक्तीला व तिच्या एका सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर व थ्री-टियर एसी वर्गात भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. अल्पदृष्टी असलेल्यांना ती मिळत नाही. कर्नाटकातील रहिवासी मुली राज्य परिवहनच्या साध्या बसने शक्ती योजनेत मोफत प्रवास करू शकतात. ही योजना ११ जून २०२३ पासून सुरू आहे.

कार्ड आहे, पण स्पर्धेत नाव बसत नाही?

हा गोंधळ वारंवार होतो. कायद्यानुसार चांगल्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/१८ पेक्षा कमी असेल तिथून अल्पदृष्टी सुरू होते, तर ३/६० पेक्षा कमी दृष्टीला अंधत्व म्हणतात. खेळातील वर्गीकरण वेगळे आहे. बी-१ म्हणजे पूर्ण अंध किंवा फक्त उजेड जाणवणारा, बी-२ म्हणजे २/६० पर्यंत आणि बी-३ म्हणजे २/६० ते ६/६० दृष्टी असलेला खेळाडू. दृष्टीचे क्षेत्र अरुंद असल्यासही या गटांत प्रवेश मिळतो. म्हणजे ६/३६ दृष्टी असलेल्या मुलाकडे कार्ड असू शकते, पण दृष्टिक्षेत्र पुरेसे असल्यास तो बी-३ मध्येही बसत नाही. अशा मुलाने खुल्या गटात खेळावे. स्पर्धेचे वर्गीकरण संघटनेचे नेत्रतज्ज्ञ करतात, कार्डावरील टक्केवारी पाहून होत नाही. त्यामुळे डोळ्यांचे अलीकडचे तपासणी अहवाल, विशेषतः दृष्टिक्षेत्राचा अहवाल, सोबत न्यावा.

शाळा खेळू देत नसेल तर

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात कलम १६ चा उल्लेख करावा, नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी जोडावी आणि नेमका कोणता बदल हवा ते लिहावे, उदाहरणार्थ 'धावताना एक सोबती द्यावा'. 'खेळाकडे लक्ष द्यावे' अशा मोघम मागणीला मोघमच उत्तर मिळते. शाळा सरकारी असल्यास कायद्याच्या कलम २३ नुसार नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाता येते. त्यानंतर किंवा शाळा खाजगी असल्यास राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी. कर्नाटकसाठी त्यांचे कार्यालय बंगळुरूतच आहे. साक्षीदारांना बोलावणे व कागदपत्रे मागवणे याबाबत आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. तक्रारीसोबत शाळेला दिलेल्या अर्जाची पोच, कार्डाची प्रत आणि मूल कोणत्या तारखांना पी.टी.च्या तासाला बसून होते याची साधी नोंद जोडावी. ही नोंद मुलाला स्वतःलाच ठेवायला सांगता येईल, ब्रेलमध्ये किंवा फोनवर बोलून.